स्वामी रामानंद तीर्थ : एका मुख्याध्यापकाचे चरित्र

दर वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस सकाळी आपल्या शाळेच्या पटांगणात ध्वज उभारला जातो. विद्यार्थी रांगेने उभे राहतात, राष्ट्रगीत होते, खाऊ वाटला जातो आणि मुले घरोघर परततात. ह्याच ध्वजास महिन्यापूर्वी, ऑगस्टच्या १५ तारखेस, ह्याच जागी वंदन झालेले असते. पाचव्या इयत्तेतील एका चौकस मुलाने एकदा आम्हांस विचारले की, पुण्यास राहणाऱ्या त्याच्या मामेभावास स्वातंत्र्याचा दिवस एकच आहे, मग आपल्याला दोन कसे? प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. त्या दिवशी आम्ही जे काही सांगितले ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. म्हणून ह्या अंकात तोच विषय सविस्तर लिहावयाचे योजिले आहे. इतिहास मुलांच्या गळी उतरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे एखाद्या मनुष्याचे चरित्र सांगणे हा होय. ज्या मनुष्याचे चरित्र येथे सांगावयाचे ते आमच्याच पेशातले, म्हणजे शाळामास्तर होते, हे ओघाने येईलच.

वरच्या वर्गांतील विद्यार्थी अमेरिकेचा इतिहास शिकतात. तेथील १३ वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडून टाकल्याचे जाहीर केले, कित्येक वर्षे युद्ध केले, आणि १७८३ साली पॅरिस येथील तहाने इंग्लंडने त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. ती गोष्ट सांगण्यास सोपी आहे. एका बाजूस राजा, दुसऱ्या बाजूस वसाहती, आणि मध्ये समुद्र. हिंदुस्थानची गोष्ट इतकी सरळ नव्हती. येथे एका इंग्रजी साम्राज्याखाली दोन प्रकारचे मुलूख होते. काही मुलखावर इंग्रजांचा खुद्द अंमल होता; त्यास खालसा मुलूख म्हणत. उरलेल्या भागात लहानमोठी सुमारे साडेपाचशे संस्थाने होती. तेथील प्रजेस दोन धनी होते. एक डोळ्यांस दिसणारा, म्हणजे राजा किंवा नबाब. आणि दुसरा त्याच्या पाठीमागे रेसिडेन्सीच्या बंगल्यात बसलेला. मागचा धनी उठून गेला म्हणजे पुढचाही उठतोच असे नाही. आपल्या मराठवाड्याच्या वाट्यास नेमका हाच प्रसंग आला.

मराठवाडा हा हैदराबाद संस्थानचा भाग होता. आपले म्हातारेकोतारे त्यास मोगलाई म्हणत. तैनाती फौजेचा तह पत्करणाऱ्या मोठ्या संस्थानिकांत हैदराबादचा निजाम पहिला. ते साल १७९८. ह्या तहाची खूण शोधावयास फार लांब जावयास नको. आपल्या आखाडा बाळापुराहून जवळच असलेल्या हिंगोलीस पूर्वी जी छावणी होती, ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची होय. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा, असा तो कारभार. खर्चाची बाकी तुंबत गेली, आणि तिच्यापायी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. पुढे १९०२ साली दरसाल २५ लाख रुपयांच्या पट्ट्याने तो त्यांच्याकडे कायमचाच राहिला. तेव्हापासून आपल्या तालुक्याच्या उत्तरेस वाहणारी पैनगंगा, जिच्यावर आज इसापूरचे धरण आहे, ती दोन राज्यांची सीमा झाली. पलीकडे पुसद, उमरखेड हा इंग्रजी अंमल. अलीकडे कळमनुरी, हिंगोली ही मोगलाई. भाषा एक, सोयरीक एक, बाजारही पुष्कळसा एक. परंतु नाणे निराळे, टपालाची तिकिटे निराळी, आणि मालावर जकात घेण्यास मध्ये करोडगिरीचे नाके.

दोन्ही काठांवरील माणसे परतंत्रच होती, हे खरे. तथापि दोन्ही पारतंत्र्ये सारखी नव्हती. पलीकडच्या काठावर मनुष्य सभा भरवू शकत होता, वर्तमानपत्र काढू शकत होता, काँग्रेसचा सभासद होऊ शकत होता. त्याबद्दल शिक्षा होई ती पुढे केव्हातरी. अलीकडे सभा भरविण्यापूर्वीच सरकारची परवानगी लागे. त्या हुकुमास गश्ती निशाण ५३ म्हणत, आणि हा आकडा मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या तोंडी बसलेला होता. खासगी शाळा उघडावयाची तर तिलाही परवानगी हवी. वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून. उर्दू ही गोड व संपन्न भाषा आहे, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे जे धाडस केले त्याचे श्रेय त्या विद्यापीठास दिलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुतेक प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती. तिच्या मुलांनी आपल्या आईच्या भाषेत गणितही शिकू नये, हे शिक्षकाच्या दृष्टीने फार मोठे नुकसान होते.

ज्यांचे चरित्र आम्ही सांगत आहोत त्यांचा जन्म ह्या संस्थानाच्या हद्दीबाहेर, विजापूर भागातील सिंदगी येथे, ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. घरची भाषा कानडी, शिक्षण बरेचसे मराठीतून, आणि पुढे आयुष्य गेले तेलुगू व उर्दू बोलणाऱ्या हैदराबाद शहरात. एका मनुष्याच्या ठायी संस्थानच्या सगळ्या भाषा अशा एकत्र याव्यात, हा योग चमत्कारिकच म्हणावा लागेल. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, त्या वेळी हा मुलगा सोलापुरास शिकत होता. वय सतरा पुरे नव्हते. त्या दिवशी त्याने आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा मनाशी निश्चय केला. असे निश्चय त्या वयात पुष्कळ मुले करतात. आम्हीही केले होते, आणि त्यांतले किती टिकले हे न सांगितलेलेच बरे. ह्या मुलाचा टिकला. असहकारितेच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शाळेत शिक्षण पुरे केले, आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यानंतर काही काळ कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी ह्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. गिरणी कामगाराचे जिणे, त्याची चाळ, त्याचा पगार आणि त्याचे कर्ज ह्यांची ओळख त्यांस तेथे झाली. पुढे गावोगावच्या कुळांशी बोलताना ही ओळख त्यांच्या कामी आली असली पाहिजे.

सन १९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा ह्या आडगावी राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होऊन आले. आज त्या जिल्ह्यास धाराशिव म्हणतात. ही शाळा १९२१ पासून चालू होती. पगार नावापुरता, इमारत साधी, आणि मुले शेतकऱ्यांची. मुंबई-दिल्लीच्या कामास हात लावून आलेल्या पदवीधराने अशा ठिकाणी येऊन फळ्यासमोर उभे राहावे, हे त्या काळच्या लोकांस नवलाचे वाटले असेल. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. ज्या राज्यात चार माणसांची सभा भरविण्यास परवाना लागतो, तेथे चाळीस मुलांचा वर्ग ही रोज भरणारी एकमेव सभा असते.

हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यासाची दीक्षा घेतली, आणि व्यंकटेश खेडगीकर हे नाव मागे पडून स्वामी रामानंद तीर्थ हे नाव रूढ झाले. आमच्या ख्रिस्ती वाचकांपैकी कोणास वाटेल की, संन्यास घेतलेल्या मनुष्याने जगाचा त्याग करावयाचा, तो राजकारणात कसा? त्यांस आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून देतो. त्यांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून उरलेले दिवस काढले. परंतु लोकांत राहणे त्यांनी सोडले नाही. भगव्या वस्त्राने स्वामीजींचा एकच फायदा झाला, तो असा की सरकारास त्यांच्यापासून हिरावून घेण्यासारखे काही उरले नाही. घर नाही, जमीन नाही, मुलाबाळांची नोकरी नाही. ज्या राज्यात वतन आणि नोकरी ह्या दोन दोऱ्यांनी बहुतेक शहाणीसुरती माणसे बांधलेली होती, तेथे हा फायदा लहान नव्हे.

सन १९३५ मध्ये ते व त्यांचे काही सहकारी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात आले. तेथेही ते मुख्याध्यापकच. मात्र आता शाळेच्या भिंतींबाहेरचे काम वाढू लागले होते. संस्थानातील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूर येथे भरली. तिच्या कार्यात स्वामीजी पुढे आले आणि सरचिटणीस झाले. परिषदेच्या मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! सभेचे स्वातंत्र्य असावे, मुलांस मातृभाषेतून शिकवावे, राज्यकारभारात प्रजेचा हात असावा. तेलंगणात आंध्र महासभा आणि कानडी भागात कर्नाटक परिषद हेच मागत होत्या. तीन भाषांच्या तीन परिषदांनी निरनिराळे अर्ज करण्यापेक्षा सर्व प्रजेची एकच संस्था असावी असे ठरले, आणि १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची जुळवाजुळव सुरू झाली. ह्याच सुमारास स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला.

ही संस्था जन्मास येण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. सप्टेंबर १९३८ ची ही गोष्ट. संस्थेच्या नावातील काँग्रेस हा शब्दच दरबारास खुपत होता. नाव बदलले तर विचार करता येईल, अशा वाटाघाटी झाल्या. एका शब्दासाठी एवढा हट्ट कशाला, असे म्हणणारे त्या वेळीही होते. परंतु शब्द सोडला म्हणजे संस्थानची प्रजा ही उरलेल्या हिंदुस्थानच्या प्रजेहून निराळी आहे असे कबूल केल्यासारखे होत होते, आणि सगळे भांडण तर तेवढ्यावरच होते. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे पुढारी गोविंदराव नानल. मागोमाग काही दिवसांतच स्वामीजींनी स्वतःला अटक करवून घेतली व त्यांस १८ महिन्यांची शिक्षा झाली. महात्माजींच्या सल्ल्याने डिसेंबरात हा सत्याग्रह थांबविण्यात आला. बंदी मात्र उठली नाही.

त्याच वर्षी घडलेली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगितली पाहिजे. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. ते म्हणू नये असा हुकूम निघाला. मुलांनी तो मानला नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. घरी परत जाऊन माफीचा अर्ज लिहिण्याची वाट मोकळी होती. ती न धरता पुष्कळ जणांनी दूरच्या नागपूर विद्यापीठाची वाट धरली, आणि त्या विद्यापीठाने त्यांस आपल्या कॉलेजांत घेतले. त्या मुलांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा एक तेलुगू विद्यार्थी होता. तो पुढे स्वामीजींच्या निकटच्या अनुयायांपैकी एक झाला, आणि १९९१ साली भारताचा पंतप्रधान झाला.

ह्यानंतरची आठ वर्षे थोडक्यात सांगतो, कारण त्यांत तुरुंगात जाणे आणि तुरुंगातून येणे ह्यावाचून वरवर पाहणारास काही दिसणार नाही. स्वामीजी १९४० साली पुन्हा सत्याग्रह करून आत गेले, १९४१ च्या अखेरीस सुटले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताच पुन्हा पकडले गेले, ते १९४३ च्या अखेरीस सुटले. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये. ज्या संस्थेस आठ वर्षांत एकदाही उघडपणे सभा भरविता आली नाही, ती बंदी उठताच गावोगाव उभी राहिली. ती काय हवेतून आली? ह्या आठ वर्षांत वाचनालये, खादीची केंद्रे, खासगी शाळा आणि भजनी मंडळे ह्यांच्या आडोशाने माणसे जमतच होती.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. जून १९४७ मध्ये इंग्रज जाणार हे नक्की झाले. त्यांच्या कायद्याप्रमाणे खालसा मुलूख हिंदुस्थान व पाकिस्तान ह्या दोन राज्यांच्या हवाली व्हावयाचा होता. संस्थानांवर इंग्रजांची जी वरची सत्ता होती, ज्यास पॅरामाउंटसी म्हणत, ती मात्र कोणाच्याच हवाली व्हावयाची नव्हती; ती नुसती लय पावावयाची होती. ह्याचा अर्थ निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी असा घेतला की १५ ऑगस्टपासून आपण स्वतंत्र राजे. तसे फर्मान त्यांनी जूनमध्येच काढले. येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. स्वातंत्र्य हा शब्द दोघेही वापरीत होते. निजामाचे स्वातंत्र्य म्हणजे कोणास जाब न देणाऱ्या एका गादीचे स्वातंत्र्य. प्रजा मागत होती ते स्वातंत्र्य म्हणजे त्या गादीस जाब विचारण्याचा अधिकार. साम्राज्याची सत्ता गेली म्हणजे ती कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न वसाहतींच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो. आफ्रिकेतील जी १७ राष्ट्रे १९६० ह्या एकाच वर्षी स्वतंत्र झाली, त्यांतील कित्येकांस पुढे ह्याच प्रश्नाने छळले.

जूनच्या मध्यास हैदराबाद शहरात मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष स्वामीजी होते. संस्थान हिंदी संघराज्यात सामील झाले पाहिजे आणि राज्यकारभार प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती आला पाहिजे, ही मागणी तेथे झाली. ७ ऑगस्ट हा दिवस सामीलीकरणाच्या मागणीसाठी गावोगाव पाळण्यात आला. १५ ऑगस्ट उजाडण्याच्या सुमारास स्वामीजींस अटक झाली. हिंदी संघराज्याचा तिरंगा संस्थानात उभारण्यास मनाई होती. पैनगंगेच्या पलीकडे त्या सकाळी मुले तिरंगा घेऊन मिरवत होती. अलीकडे तोच तिरंगा घराच्या आढ्यात लपवून ठेवावा लागत होता. आमच्या पाचवीतल्या मित्राने विचारलेल्या दोन दिवसांचे मूळ ह्या एका सकाळीत आहे.

मग जो लढा झाला त्याचा आराखडा स्वामीजींनी अटकेपूर्वीच घालून दिला होता आणि तो चालविण्यास दिगंबरराव बिंदू ह्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिसमिती नेमली होती. वकिलांनी कोर्टे सोडावीत, विद्यार्थ्यांनी सरकारी शाळा सोडाव्यात, शेतकऱ्यांनी लेव्हीचे धान्य देऊ नये. शिंदीची झाडे तोडावीत, म्हणजे आबकारीचे उत्पन्न बुडेल. संस्थानाच्या सीमेभोवती, पण हिंदी हद्दीत, कार्यकर्त्यांची शिबिरे पडली. आपल्या सर्वांत जवळचे शिबिर उमरखेडचे. तेथून पैनगंगा उतरून तरुण मोगलाईत येत, करोडगिरीचे नाके उठवीत, पोलीसपाटलांची दप्तरे जाळीत आणि परत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील सरकारी बँक लुटण्यात आली आणि त्या पैशाने लढ्याचा खर्च चालला. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीस महात्मा गांधींचा खून झाला. एका बाजूस बंदूक घेतलेले स्वातंत्र्यसैनिक आणि दुसऱ्या बाजूस बंदुकीस बळी पडलेला अहिंसेचा आचार्य, असे हे दोन प्रसंग एकाच तारखेस यावेत, ह्याने आमच्या मनास नेहमी अस्वस्थ केले आहे.

स्वामीजी सत्याग्रही होते आणि संन्यासीही होते. शिबिरांत शस्त्रे आहेत हे त्यांस ठाऊक होते, आणि ती जबाबदारी त्यांनी झटकली नाही. ह्याचा न्याय कसा करावा? शाळेत आम्ही डोंगरावरील प्रवचन शिकवितो. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आम्ही मागे घेऊ शकत नाही. परंतु ज्या गावावर रात्री सशस्त्र टोळी चालून येते, त्या गावाने काय करावे, ह्याचे उत्तर सुरक्षित खोलीत बसून लिहिणे आम्हांस जड जाते. एवढे आम्ही म्हणू की स्वामीजींनी शस्त्राचा गौरव केला नाही आणि जय मिळाल्यावर शस्त्र धरणारांचे राज्य व्हावे असेही त्यांस वाटले नाही. पुष्कळ देशांत ह्याच्या उलट झालेले आहे.

गावावर चालून येणाऱ्या त्या टोळ्या रझाकारांच्या होत. लातूरचे वकील कासीम रझवी हे त्यांचे पुढारी. लूट, जाळपोळ आणि खून ह्यांच्या भीतीने हजारो कुटुंबे गुरेढोरे घेऊन वऱ्हाडात व सोलापूरकडे निघून गेली. आपल्या भागातील जुन्या घराण्यांत त्या स्थलांतराच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. नोव्हेंबर १९४७ मध्ये हिंदी सरकार आणि निजाम ह्यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला, तेव्हा स्वामीजी सुटले. परंतु २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांस पुन्हा पकडण्यात आले.

हा झगडा हिंदूंचा आणि मुसलमानांचा होता असे सांगणारे पूर्वीही होते. त्यांच्यासाठी शोएबुल्ला खान ह्यांची हकीकत पुरेशी आहे. हा हैदराबादेतील तिशीही न गाठलेला तरुण मुसलमान संपादक. आपल्या इमरोज ह्या उर्दू पत्रातून त्याने रझाकारांचा निषेध केला व संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतताना त्यास गाठून मारण्यात आले, आणि ज्या हाताने तो लिहीत असे तो हात तोडण्यात आला. स्वामीजी तेव्हा तुरुंगात होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून आलेल्या मुख्य तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग गाठला. १७ तारखेस निजामाने नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली, आणि तुरुंगाचे दरवाजे उघडून स्वामीजी बाहेर आले. १७९८ च्या सप्टेंबरात तैनाती फौजेच्या तहाने जे सुरू झाले होते, ते बरोबर दीडशे वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरात संपले. हिंदुस्थानातील मोठ्या संस्थानांत साम्राज्याच्या दावणीस प्रथम जे बांधले गेले, तेच सर्वांच्या शेवटी सुटले.

येथेच ही कथा संपविली तर ती ऐकावयास गोड लागेल. परंतु आम्ही ती तेथे संपवू शकत नाही. त्या विजयानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविण्यात आला. ज्यांनी रझाकारांस कधी पाणीही पाजले नव्हते असे विणकर, शेतकरी व त्यांची मुलेबाळे त्यात मारली गेली. हिंदी सरकारने पंडित सुंदरलाल ह्यांची समिती चौकशीस पाठविली. मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा तिचा अंदाज होता. तिचा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. १७ सप्टेंबरचा ध्वज ज्यांस आनंदाने उभारता येतो, त्यांनी आपल्या शेजारच्या घरी तो दिवस कसा आठवला जात असेल हेही जाणून घ्यावे. आपल्या वर्गांत दोन्ही घरांची मुले एकाच बाकावर बसतात.

विजयानंतर पुष्कळांची अपेक्षा होती की स्वामीजी मंत्रिपद घेतील. त्यांनी कधीच घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले, एवढाच त्यांचा अधिकाराशी संबंध. आपल्याच पक्षातील तट त्यांस मिटविता आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्या हैदराबाद राज्याच्या मुक्ततेसाठी ते इतक्या वेळा तुरुंगात गेले, ते राज्यच मोडून टाकावे आणि तेलुगू, मराठी व कानडी भाग आपापल्या भाषाबंधूंस मिळावेत, असा आग्रह त्यांनी धरला. राज्य तसेच राहिले असते तर त्या राज्याचे ते निर्विवाद वडीलधारे असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे ही तर काल-परवाची गोष्ट.

आणि शाळा? ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, ते काढणाऱ्या संस्थेचे स्वामीजी पहिले अध्यक्ष. तोपर्यंत पैनगंगेच्या अलीकडील मुलास पदवी घ्यावयाची तर दूरचे शहर गाठावे लागे. खादी, भूदान आणि आश्रम ह्यांत त्यांची पुढील वर्षे गेली. हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. वरच्या वर्गांतील मुलांनी त्या मिळवून अवश्य वाचाव्यात.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजी निवर्तले. त्यांची समाधी तेथेच बेगमपेठेत आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास जे विद्यापीठ स्थापन झाले त्यास त्यांचे नाव देण्यात आले, आणि हिंगोली जिल्ह्यातील कॉलेजे त्याच विद्यापीठास जोडलेली आहेत. आमच्या पाचवीतल्या त्या मुलाने अभ्यास नीट केला, तर दहा-अकरा वर्षांनी त्याच्या हाती जे पदवीपत्र पडेल त्याच्या माथ्यावर हिप्परग्याच्या ह्या मुख्याध्यापकाचे नाव छापलेले असेल.